दुर्गुणांचे दरपत्रक

माणसाला त्याच्या दुर्गुणांबद्दल दोन शब्द सुनावण्याचा अधिकार आपल्या समाजात इतक्या उदारपणे वाटला गेला आहे की, तंबाखूची गोळी नुकतीच ओठाआड सरकवलेल्या इसमाला घरात पत्नी, दवाखान्यात डॉक्टर, कचेरीत निवृत्तीला टेकलेले हेडक्लार्क, चित्रपटगृहात पडद्यामागचा तो खर्जातला आवाज आणि खुद्द पुडीवर, २०१६ सालापासून तिचा शेकडा ८५ भाग व्यापून बसलेले भीषण छायाचित्र, असे पाच उपदेशक दररोज एकच उपदेश करीत असतात. आणि तो सर्वस्वी मोफत असल्यामुळे, मोफत मिळणाऱ्या जिनसेची आपण जी कदर करतो तीच त्याचीही करतो. या गर्दीत एकच संस्था अशी आहे की जी रागावत नाही, डोळ्यांत पाणी आणीत नाही, मुलाबाळांची शपथ घालीत नाही. ती फक्त चष्मा सावरते, कोष्टकावरून बोट फिरवते आणि अत्यंत अदबीने सांगते की, आपण तंबाखूचे सेवन करता हे समजले, ते सुखाने चालू ठेवावे, मात्र हप्ता दरसाल इतके रुपये जास्त पडेल. ही संस्था म्हणजे आयुर्विमा कंपनी होय.

कोणते पाप मोठे आणि कोणते लहान, याविषयी धर्मशास्त्रकारांनी शतकानुशतके खल केला आणि प्रायश्चित्तांचे ग्रंथच्या ग्रंथ रचले. परंतु मद्य, तंबाखू, पोटाचा घेर, पित्याचे कमजोर हृदय आणि उंच पराचींवर चढून करावयाची नोकरी या पाच सर्वथा भिन्न गोष्टी एकाच रकान्यात मांडून, प्रत्येकीपुढे हजारी अमुक रुपये असा स्वच्छ आकडा लिहिण्याचे धैर्य विमागणिती म्हणविणाऱ्या पंडिताखेरीज कोणालाही झाले नाही. या पंडिताच्या लेखी पापी व पुण्यवान असा भेद नाही. लवकर जाणारे आणि उशिरा जाणारे एवढे दोनच वर्ण तो मानतो.

या शास्त्राचा आरंभच मुळी अशा एका गृहस्थाने केला की ज्याची नजर सामान्यतः आकाशाकडे लागलेली असे. धूमकेतूला ज्यांचे नाव मिळाले त्या एडमंड हॅले यांनी १६९३ साली ब्रेस्लाऊ नगरीच्या, म्हणजे आजच्या पोलंडमधील व्रोत्स्वाफच्या, जन्ममृत्यूच्या नोंदी घेऊन कोणत्या वयाची किती माणसे हयात राहतात याचे कोष्टक सिद्ध केले. त्यातील वर्षावर्षाचे आकडे ८४ व्या वर्षापाशी थांबतात आणि पुढच्या सर्व चिवट वृद्धांची एकच ठोक बेरीज दिलेली आहे; स्वतः हॅले मात्र ८५ वर्षांचे होऊन वारले, म्हणजे इतरांसाठी आखलेल्या कोष्टकातून ते खुद्द अलगद निसटले. त्यांच्यामागून जेम्स डॉडसन नावाचे गणिती आले. लंडनच्या अमिकेबल सोसायटीने, वय ४५ च्या पुढे गेले या सबबीवर, त्यांना सभासद करून घेण्याचे नाकारले. तेव्हा अपमानाने व्यथित होऊन त्यांनी दारे ठोठावीत न बसता, ज्याचे जेवढे वय त्याचा तेवढा हप्ता घेतला तर कोणालाच नाकारावे लागणार नाही, असे गणित मांडले, आणि त्याच गणिताच्या पायावर १७६२ साली इक्विटेबल सोसायटी उभी राहिली. हा विजय पाहण्यास डॉडसन हयात नव्हते. ते १७५७ मध्येच निवर्तले होते. त्यांना नाकारणाऱ्या सोसायटीचा अंदाज अगदीच चुकला होता असे म्हणवत नाही.

आपल्याकडे या दरपत्रकात प्रारंभी एक विलक्षण कलम होते. गोऱ्या कंपन्या हिंदी माणसाचा विमा उतरवीत तेव्हा तो हिंदी आहे एवढ्याच कारणास्तव त्याच्याकडून जादा हप्ता वसूल करीत. म्हणजे आज जे स्थान विडीला आहे ते तेव्हा आपल्या जन्माला होते, आणि विडी सोडता तरी येते, हिंदी असण्याची सवय सोडण्यास औषध नव्हते. १८७० च्या सुमारास निघालेल्या बॉम्बे म्युच्युअलने हिंदी आयुष्याचा विमा सर्वसाधारण दराने उतरवून हा कलंक पुसला. पुढे १९१३ साली साताऱ्यास अण्णासाहेब चिरमुले यांनी वेस्टर्न इंडिया काढली, आणि अखेर १९५६ च्या जानेवारीत अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांच्या कारकीर्दीत निघालेल्या एका वटहुकुमाने लहानमोठ्या २४५ संस्थांचा कारभार सरकारच्या ताब्यात आला व त्या वर्षीच्या १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ जन्मास आले. महामंडळाच्या बोधचिन्हात दोन हात एका ज्योतीला वाऱ्यापासून आडोसा देत आहेत. ज्योतीनेच धूर सोडण्यास सुरुवात केली तर हातांनी काय करावे, हा प्रश्न बोधचिन्हात घेतलेला नाही. तो अर्जात घेतलेला आहे.

धुराची किंमत ठरण्यास मात्र फार वेळ लागला. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या इंग्रज संशोधकांनी १९५१ साली आपल्या देशातील डॉक्टरांनाच एक लहानसा प्रश्नतक्ता धाडून, आपण धूम्रपान करता काय व किती, असे विचारले, आणि सुमारे चाळीस हजार डॉक्टरांनी त्याची उत्तरे पाठवली. या डॉक्टरांचा मागोवा पन्नास वर्षे घेतल्यानंतर निष्पन्न झाले ते असे की, आयुष्यभर ओढणारा मनुष्य न ओढणाऱ्यापेक्षा सरासरी दहा वर्षे आधी जातो. तिशीत सोडले तर ही दहाही वर्षे बहुतेक परत मिळतात, चाळिशीत नऊ, पन्नाशीत सहा आणि साठीत सोडले तरी तीन. स्वतः डॉल यांनी संशोधनाच्या आरंभीच सिगारेट सोडली आणि ते ९२ वर्षे जगले. परंतु या साऱ्या उपक्रमात मला सर्वाधिक थक्क करणारी गोष्ट ही की, इतक्या हजार सुशिक्षित माणसांनी आपल्या व्यसनाविषयी छापील कागदावर खरी माहिती लिहून दिली आणि त्या खरेपणावर अर्धशतकाचे शास्त्र उभे राहू शकले. याचे कारण उघड आहे. त्या कागदाखाली हप्त्याचा रकाना नव्हता.

हा रकाना लवकरच आला. ११ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेच्या सर्जन जनरलने धूम्रपानाचे दुष्परिणाम सांगणारा अहवाल प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधील स्टेट म्युच्युअल या कंपनीने, जे सिगारेट ओढीत नाहीत त्यांना हप्त्यात सूट, असे जाहीर केले. या क्षणापासून निर्व्यसनीपणा हा सद्गुण न राहता सवलत झाला, आणि सवलत म्हटल्याबरोबर तिच्यासाठी पात्र नसलेल्या माणसांची रांग लागणे ओघानेच आले.

आपल्या महाराष्ट्रात ही रांग लावताना एक मोठीच पंचाईत होते. २०१६-१७ च्या सर्वेक्षणानुसार या राज्यातील प्रौढांपैकी तंबाखू ओढणारे शेकडा ३.८ आणि धुराविना तंबाखू सेवन करणारे शेकडा २४.४. म्हणजे दर्शनी आपण मोठे निर्धूर राष्ट्र आहोत. परंतु तळहातावर चुना मळणारे, पानात किवाम घालणारे, नाकात तपकीर ओढणारे, मावा घोळवणारे आणि पहाटे अंगणात बसून दातांना मशेरी लावणाऱ्या आयाबहिणी, या सर्वांची गणती विमा कंपनी सामान्यतः ‘धूम्रपान करणारे’ या एकाच वर्गात करते, कारण तिचा प्रश्न असतो तो कोणत्याही स्वरूपातील तंबाखूचा. ज्या माउलीने देवघरातील निरांजनाखेरीज जन्मात कशालाही काडी लावली नाही तिला, ती धूम्रपान करणारी आहे, असे समजावून सांगण्याचे काम ज्या एजंटाच्या वाट्याला येते त्याचे कमिशन, माझ्या मते, मुळीच अवाजवी नाही.

एजंट मात्र सहसा समजावून सांगण्याच्या भरीस पडत नाही. तो बहुधा आळीतलाच, ओळखीचा, आपल्या मुंजीला जेवून गेलेला असतो; त्यामुळे अर्ज भरणे हा त्याच्या दृष्टीने चौकशीचा भाग नसून स्नेहाचा भाग असतो. पन्नाशीकडे झुकलेले आमचे एक शेजारी, ज्यांना सारा वाडा अण्णा म्हणतो, त्यांचा अर्ज भरला जात असताना मी उपस्थित होतो.

“अण्णा, दारू?” एजंटाने विचारले आणि उत्तराआधीच ‘नाही’ लिहिले.

“नाही म्हणजे, साहेबांच्या निरोपसमारंभाला...”

“तो समारंभ झाला, दारू नव्हे. तंबाखू?”

अण्णांनी तोंडातला ऐवज सांभाळीत मान वर केली, उठून गॅलरीत गेले, मोकळे होऊन परत आले आणि म्हणाले, “छे हो! जेवणानंतर चिमूटभर. तीही सुपारीबरोबर.”

“म्हणजे सुपारी.”

“आणि कचेरीत कंटाळा आला तर.”

“कंटाळ्याचा रकाना नाही, अण्णा. इथे सही करा.”

“अहो, पण खरे ते लिहावे ना?” अण्णांच्या पत्नी आतून म्हणाल्या. त्यांनी कागदपत्रांची उलाढाल पाहिली होती आणि वारस म्हणून आपलेच नाव घातले आहे हेही त्यांच्या कानावर आले होते.

“वहिनी, खरे लिहिले तर हप्ता दीडपटीच्या घरात जाईल,” एजंट म्हणाला, आणि सत्याचा भाव इतका चढलेला आहे हे ऐकून वहिनी गप्प बसल्या.

ज्या प्रश्नाचे उत्तर याहूनही सहजतेने खोटे पडते तो म्हणजे, आपली सर्वसाधारण प्रकृती कशी असते. रस्त्यात कोणी हाच प्रश्न केला तर पोटातल्या वायूपासून टाचेच्या भेगेपर्यंत साग्रसंगीत हकीकत सांगून प्रश्नकर्त्याची बस चुकवणारा मराठी मनुष्य, अर्जावर मात्र एकाच शब्दात ‘चांगली’ असा जबाब देतो आणि त्याखाली लफ्फेदार सही करतो. पुढे येतो कुटुंबाचा इतिहास. वडील हयात आहेत काय, नसल्यास कोणत्या वयी व कोणत्या विकाराने वारले, याचे उत्तर विमागणितीला अचूक हवे असते, कारण पित्याचे हृदय साठीच्या आत थांबले असेल तर पुत्राच्या दराचा काटा हलतो. पण आपल्या घराण्यांतून मृत्यूची नोंद मुळी विकारानुसार केलेलीच नसते. आजोबा ‘एकाएकी’ गेले, पणजोबा ‘काशीहून आल्यावर’ गेले, आणि थोरले काका ‘वाटण्या झाल्यावर’ गेले. यांतील तिसरा विकार निःसंशय प्राणघातक असूनही वैद्यकीय कोष्टकात त्याला अद्याप स्थान मिळालेले नाही.

वयाची गोष्ट तर त्याहून नाजूक आहे, कारण हप्त्यावर सर्वांत मोठा परिणाम व्यसनाचा नव्हे तर वयाचा होतो, आणि वय सोडण्याचा अद्याप कोणताही कार्यक्रम निघालेला नाही. जुन्या पिढीतील कित्येकांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकाच्या एका फटकाऱ्यात १ जून अशी लावून दिलेली. त्यामुळे महाराष्ट्रातील एक मोठा जनसमुदाय शाळा सोडल्याच्या दाखल्यानुसार एकाच दिवशी जन्मास आला. त्यातच विम्याच्या अनेक योजनांतून वय धरतात ते जवळच्या वाढदिवसाचे. म्हणजे १ डिसेंबर उलटला की ही सारी मंडळी, केक न कापता व औक्षण न होता, सहा महिने आगाऊ एका वर्षाने म्हातारी होतात. यावर तोडगाही आहे. पॉलिसी त्याच आर्थिक वर्षातील मागच्या तारखेपासून सुरू करून घेता येते व त्यामुळे कमी वयाचा दर लागू होतो. अट एवढीच की त्या मागच्या महिन्यांचा हप्ता भरावा लागतो. म्हणजे ज्या महिन्यांत आपण मेलो नाही याविषयी खुद्द आपली, कंपनीची आणि शेजाऱ्यांचीही पुरेपूर खात्री पटलेली आहे, त्या महिन्यांत मरण येण्याच्या धोक्यापासून आपण रोख पैसे मोजून संरक्षण घेतो. इतका सुरक्षित विमा जगाच्या पाठीवर दुसरा नसेल.

वैद्यकीय तपासणीत उंची, वजन, पोटाचा घेर, श्वास घेऊन छाती किती व सोडून किती, असा सर्व तपशील घेतात. छाती फुगवण्याचा हुकूम होताच पोटही फुगते आणि पोट आत ओढण्याची शिकस्त करताच छातीतला श्वास निघून जातो, या कचाट्यात सापडलेला मध्यमवर्गीय इसम पाहिला म्हणजे वजनाबद्दल जादा हप्ता घेण्याऐवजी कंपनीने त्याला काही तरी दक्षिणा द्यावी असे वाटते. स्त्रियांना शुद्ध जोखमीच्या योजनांत दर कमी पडतो, कारण त्या सरासरीने अधिक जगतात. व्यवसाय व छंद यांचीही विचारपूस होते. आपण विमान चालवता काय, मोटारींच्या शर्यतीत भाग घेता काय, गिर्यारोहण करता काय, असे प्रश्न सदाशिव पेठेत दुपारी दोन वाजता झोपमोड करून विचारले गेले आहेत आणि त्यांची उत्तरे अतिशय थोडक्यात मिळाली आहेत.

अण्णांच्या अर्जाचे पुढे काय झाले ते सांगावयास हवे. जुन्या एंडोमेंट पॉलिसीत तंबाखूचा वेगळा दरच नसे, म्हणून तेथे ‘नाही’ खपून गेले असते. पण अण्णांनी जावयाच्या सल्ल्याने घेतला होता तो शुद्ध जोखमीचा टर्म विमा, आणि अशा विम्यात शब्दावर विसंबत नाहीत. महामंडळाने २०१९ साली आणलेल्या जीवन अमर योजनेत तर नियमच असा होता की, लघवीची कोटिनीन चाचणी ज्याच्या बाजूने साक्ष देईल त्यालाच निर्व्यसनी दर. बाकी सर्व धूम्रपान करणारे समजावेत. फौजदारी कायद्यात आरोपी गुन्हा शाबीत होईपर्यंत निर्दोष असतो. येथे निर्दोष मनुष्यही आरोपी असतो व त्याच्या मुक्ततेचा हुकूम एका लहानशा बाटलीतून निघतो. निकोटीन शरीरातून लवकर जाते, पण त्याचे रूपांतर असलेले कोटिनीन काही दिवस मागे रेंगाळून आधीच्या भाडेकरूची चुगली करते. आणि गंमत अशी की, तंबाखू सोडण्यासाठी निकोटीनची गोळी चघळणाऱ्या सज्जनाचीही ते तितक्याच निष्पक्षपणे चुगली करते. अण्णांच्या बाबतीतील अहवाल आला तेव्हा एजंटाने वाड्यात येणे काही दिवस तहकूब ठेवले.

“मी जन्मात काडी ओढली नाही!” अण्णा गर्जले, आणि हे अक्षरशः खरे होते.

या अहवालाने अण्णांचे नुकसान झाले असे सर्वांचे मत पडले. मला मात्र फायदा झालेला दिसतो. खोट्या अर्जाचा हिशेब फार विचित्र असतो. फसवणुकीचा लाभ, म्हणजे कमी हप्ता, अर्जदार हयातीत उपभोगतो आणि तिची शिक्षा, म्हणजे नामंजूर दावा, त्याची विधवा भोगते. चोर एका घरचा व कैदी दुसऱ्या घरचा, असा न्याय दुसऱ्या कोणत्याही कायद्यात सापडत नाही, आणि तोही येथे दोन्ही घरे एकच असताना. विमा कायद्याचे ४५ वे कलम २०१५ च्या दुरुस्तीनंतर असे सांगते की, पॉलिसीला तीन वर्षे पूर्ण झाल्यावर ती कोणत्याही कारणास्तव खोटी पाडता येत नाही. म्हणजे असत्यालाही मुदत आहे आणि ती भरली की त्याचे सत्यात रूपांतर होते. परंतु या तीन वर्षांत जिवंत राहण्याची जबाबदारी ज्याच्यावर पडते तो नेमका तोच इसम असतो की ज्याने आपल्या आयुष्याच्या बळकटीविषयी खोटे लिहिले आहे. वहिनींचा प्रश्न, खरे ते लिहावे ना, हा भोळेपणाचा समजला गेला. वस्तुतः त्या खोलीत आपल्या पक्षाचे हित ओळखणारे एकच माणूस बसले होते, आणि तेही दाराआड.

एवढ्यावरून विमा कंपनी तंबाखूची वैरीण आहे असा समज कोणी करून घेऊ नये. तिच्याच दुसऱ्या खिडकीवर पेन्शनची, म्हणजे तहहयात वर्षासनाची, योजना विकली जाते. तेथे जो लवकर जाईल तो फायद्याचा आणि जो नव्वदी गाठील तो बुडीत खात्याचा. विलायतेत ही गोष्ट प्रांजळपणे मान्य करून सिगारेट ओढणाऱ्या वृद्धांना दरमहा अधिक रक्कम देणारी वर्षासने विकली जातात. म्हणजे जो खोकला एका खिडकीवर दंडास पात्र ठरतो तोच दुसऱ्या खिडकीवर गुणवत्ता म्हणून मान्य होतो. आपल्याकडे वर्षासनाला असले काही विचारीत नाहीत. वय आणि रक्कम सांगितली की पुरे, आणि निर्व्यसनी माणसाला आपल्या निर्व्यसनीपणाचा संपूर्ण मोबदला मिळवून देणारी ही एकच खिडकी होय, फक्त तो वसूल करण्यास फार वर्षे जगावे लागते.

अण्णांनी शेवटी धूम्रपान करणाऱ्यांच्या दराने हप्ता भरला आणि त्या जादा रकमेचा त्यांना इतका संताप आला की, ती वहीत मांडून कंपनी आपल्याला वर्षाकाठी कितीला लुबाडते ते ते येईल त्याला दाखवू लागले. जावयाने त्याच पानावर, शेजारच्या रकान्यात, त्यांचा तंबाखू, चुना, कात व सुपारी यांचा वर्षाचा खर्च मांडला, आणि तो जादा हप्त्याहून कितीतरी मोठा निघाला. बारा महिने तंबाखू सोडून पुन्हा अर्ज करा, बऱ्याच कंपन्या निर्व्यसनी मानतात, असेही त्याने सुचवले. अण्णा ती वही मिटून कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे गेले. कंपनी वर्षातून एकदा मागते तर ते हुज्जत घालतात. पानवाल्याकडे मात्र ते रोज, बिनतक्रार आणि बिनपावती हप्ता भरतात. त्याने कधी अर्ज भरून घेतला नाही, वडिलांचे हृदय विचारले नाही, बाटली मागितली नाही. आणि इतक्या सैल कारभाराच्या त्या पेढीने मुदत भरलेला एकही दावा आजवर नामंजूर केल्याचे ऐकिवात नाही.